जाळे कापण्याचा धडा

अडकलेले जाळे माणूस वेळेवर का कापत नाही? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न मासेमारीचा आहे. उत्तर मात्र मला मासेमारीच्या अभ्यासक्रमात सापडले नाही. ते जिथे सापडले तिथपर्यंत वाचकांना क्रमाने नेण्याचा माझा प्रयत्न आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरील एका लहानशा मत्स्य प्रशिक्षण केंद्रात मी निदेशक होतो. होकायंत्र वाचणे, भरती-ओहोटीचे वेळापत्रक समजून घेणे, पाण्याची खोली दाखवणारे यंत्र वापरणे आणि संकटात काय करावे, हे माझे विषय. विद्यार्थी म्हणजे तांडेलांचे मुलगे; तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. कधी कधी प्रमाणपत्रासाठी खुद्द तांडेलच बाकावर येऊन बसत. समुद्राकाठी जन्मलेल्यांना समुद्र शिकवायचा, हा उद्योग मुळातच थोडा उद्धटपणाचा. म्हणून मी वर्गात आवाज कधी चढवला नाही.

ज्यांनी जाळे केवळ वाळत घातलेले पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. आमच्याकडच्या लहान बोटी जे जाळे वापरतात ते पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. वरच्या दोराला बोये बांधलेले असतात, ते तरंगतात. खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या असतात, त्या बुडतात. पहाटे हा पडदा सोडायचा आणि काही वेळाने बोटीच्या मागच्या बाजूने ओढून आत घ्यायचा. आमच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली खडप, म्हणजे खडकाळ भाग, फार. ओढताना जाळे खडपात अडकले की बोट मागच्या बाजूने जखडली जाते. समुद्र शांत असेल तर चिंता नाही. दोर सैल सोडावा, वळसा घालून उलट दिशेने ओढावे, बहुतेक वेळा सुटते. पण लाट मोठी असेल तर जखडलेली बाजू लाटेबरोबर वर उचलली जात नाही आणि पाणी सरळ आत येते. अशा वेळी करायचे काम एकच: जाळे कापून मोकळे व्हायचे.

हा धडा मी दरवर्षी शिकवत असे. परीक्षेत प्रश्न हमखास असे आणि उत्तर कोणाचेही चुकत नसे. तीच मुले समुद्रावर गेली की जाळे कापत नसत. याचा उलगडा व्हावा म्हणून एकदा मी वर्गात एक जुने, टाकाऊ जाळे आणले, कोयती दिली आणि प्रत्येकाने एकदा कापावे असे सांगितले. मुले कोयतीकडे पाहत राहिली. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमी सांगतास म्हणान कापतंव, पण शिवूक ता आमकाच लागताला मा?"

वर्ग हसला. त्या बॅचला प्रमाणपत्रासाठी आलेले इब्राहिमचाचाही होते. बंदरावरच्या मोहल्ल्यातले जुने तांडेल, दाढी पिकलेली, बाकावर न मावणारे. ते हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे विचारले, "मास्तर, तुमी कधी जाळा कापलास?"

"नाही," मी म्हणालो.

"मग हो धडो कोणी शिकवचो, ता तुमी ठरवा."

प्रश्न रास्त होता. मी तो टिपून ठेवला आणि धडा मात्र तसाच शिकवत राहिलो.

माझी पहिली समजूत अशी होती की माणूस अज्ञानामुळे जाळे कापत नाही. ही समजूत सुहासने मोडली. सुहास माझ्या हाताखालून गेलेला सर्वांत हुशार विद्यार्थी. भरती-ओहोटीचे गणित तो माझ्याआधी करी. त्याचे जाळे एकदा भरसमुद्रात खडपाला अडकले. त्याने हिशेब मांडला की ओहोटीची ओढ आता थांबेल, पाणी फिरेल आणि उलट्या ओढीने जाळे आपोआप सुटेल. म्हणून तो वाट पाहत राहिला. लाटा वाढत होत्या. तरी तो वाट पाहत राहिला. इंजिनात पाणी शिरले आणि बोट मागच्या बाजूने खाली गेली. जवळच्या दुसऱ्या बोटीने त्याला आणि त्याच्या माणसांना वर काढले. मी घरी भेटायला गेलो तेव्हा तो चादर गुंडाळून ओटीवर बसला होता. मला पाहताच म्हणाला, "सर, पाणी वेळेवर फिरला. माझा गणित बरोबर होता."

गणित खरोखरच बरोबर होते. मी ते पडताळून पाहिले. तेव्हापासून माझ्या मनाने घेतले की नुसते ज्ञान माणसाच्या हाताला कापण्याचे बळ देत नाही. उलट पुष्कळदा ते थांबण्याचे एक चांगले कारण देते. आपल्याच समजुतीवर सारा भार टाकू नये, असे आमच्या बायबलमध्ये शिकवले आहे. लहानपणापासून मी ते ऐकत आलो होतो. त्याचा संबंध बोटीशी असेल असे मला तोवर वाटले नव्हते. चर्चमधले चर्चमध्ये आणि वर्गातले वर्गात, अशी माझी स्वच्छ विभागणी होती.

ती विभागणी मोडली इनासमुळे. इनास आमच्याच वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, आमच्याच चर्चचा आणि माझाच विद्यार्थी. त्याचे वडील पेद्रू तांडेल आजारी पडले त्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, त्यांनी पडवीत बसून एक नवे जाळे उभे केले. जाळ्याचे कापड बाजारात मिळते, पण दोराला ते बांधणे, बोये आणि शिसे बसवणे हे घरच्या हातांचे काम. पेद्रूंचे हात थरथरत. तरी गाठ त्यांनी दुसऱ्या कोणाला बांधू दिली नाही. त्यांची बायको कोन्सूबाय शेजारी बसून दोर ताणून धरी. जाळे पुरे झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच पेद्रू गेले.

आमच्या वाड्यावर एक रीत आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्वांची जाळी वाटेवरच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, आणून रचतात. फादर प्रार्थना करतात, जाळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मग लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्या वर्षी पेद्रूंचे जाळे खुरसापर्यंत इनासने आणि मी उचलून नेले. रीत सुंदर आहे. पण तिच्याभोवती एक समजूत वाढली आहे आणि ती आमच्या वाड्याबाहेर कुठे ऐकलेली नाही: आशीर्वादाच्या जाळ्याला कोयती लावायची नाही. फाटले तर शिवावे, कुजले तर खुरसामागे पुरावे, पण कापू नये. हे कोणत्याही फादरनी शिकवलेले नाही. मी चौकशी केली आहे.

माझ्या निवृत्तीनंतर एके दिवशी इनास घरी आला. "सर, होकायंत्र माका फसयता. घरी येवक निघालंय की मसुऱ्याच्या खाडीकडे नेता." होकायंत्राची चूक काढणे हे माझे आवडते काम. लोखंड जवळ असले की सुई चळते, हे शाळेतले ज्ञान. पण लोखंड नेमके कुठे आहे ते शोधण्यात खरी मजा. हंगाम संपत आला होता. मी पहाटे त्याच्याबरोबर गेलो. बोटीवर आम्ही तिघे: इनास, मी आणि त्याचा एकुलता खलाशी नजीर, इब्राहिमचाचांचा पुतण्या. नजीरची जीभ त्याच्या हातांपेक्षा वेगाने चाले, आणि हातही काही कमी चपळ नव्हते.

दोष मला लगेच सापडला. जाळ्याची कोयती सुकाणूजवळ, होकायंत्राच्या अगदी खाली खोचलेली होती. मी ती काढायला लावली. इनासने ती मागे नेऊन बर्फाच्या पेटीखालच्या कप्प्यात ठेवली. सुई ताबडतोब जाग्यावर आली. मी किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणा धरून दिशा पुन्हा पुन्हा तपासल्या आणि समाधानाने चहा घेतला. नंतर आम्ही पहाटे सोडलेले जाळे ओढायला लागलो.

अर्धे जाळे आत आले आणि उरलेले अडकले.

इनासने सर्व काही नीट केले. दोर सैल सोडला, वळसा घातला, उलटे ओढले. जाळे हलले नाही. तोवर लाटा बदलल्या होत्या. वारा नव्हता, आकाश स्वच्छ होते; पण कुठेतरी दूर उठलेल्या वादळाच्या लांब, फुगीर लाटा आमच्यापर्यंत पोहोचल्या होत्या. अशा लाटा दिसायला गरीब असतात. पहिली लाट आली तेव्हा बोटीचा मागचा काठ वर उचलला गेला नाही. पाणी काठावरून सरळ आत आले आणि घोट्यापर्यंत भरले. नजीरने बादली उचलली.

"इनास, कापायला हवे," मी म्हणालो.

"बघूया, सर."

दुसरी लाट आली. इंजिनाच्या झाकणाला पाणी लागले. बादलीने पाणी उपसता उपसता नजीर माझ्याकडे वळला. "मास्तर, होकायंत्र आता बरोबर दाखयता मा? मग बघून सांगा, खंयच्या दिशेक बुडतंव ता."

"कोयती काढ," मी त्याला म्हटले.

"ती तुमीच पेटयेखाली घातलास!" असे म्हणत त्याने बर्फाची पेटी ढकलली, कप्प्यात हात घातला आणि कोयती काढून इनासपुढे धरली. इनासने ती घेतली नाही. दोन्ही हातांनी तो दोर धरून होता.

"इनास, धडा आठव," मी म्हणालो.

"तो धडो माका पाठ आसा, सर." त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "पण हो पप्पांचा जाळा. आशीर्वादाचा."

कोयती मी घेतली. इब्राहिमचाचांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी माझ्या हातात होती. दोर माझ्या पुढ्यात ताणलेला होता. दोन घाव पुरले असते. माझ्याकडून ते झाले नाहीत. तांडेलाच्या हुकमाशिवाय बोटीवरच्या दोराला कोणी कोयती लावू नये, हा नियम आहे आणि तो मीच शिकवलेला आहे. नियम खरा, त्या क्षणी तो माझ्या सोयीचा होता हेही खरे. पेद्रूंनी बांधलेल्या गाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

तेवढ्यात इनासच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतला फोन वाजला. त्याची आई रोज त्याच वेळी फोन करी, मासळी उतरवायला टोपली घेऊन कधी यायचे ते विचारण्यासाठी. किनारा फार दूर नव्हता, त्यामुळे फोन लागत असे. इनासने केवळ सवयीने एक हात सोडून पिशवीवरून बोट फिरवले आणि तिचा आवाज बोटीत मोठ्याने घुमला.

"इनास, येतंस मा रे? टोपली घेवन येव?"

"आये, जाळा अडाकला."

"खंय?"

"खडपार. पाणी आत येता."

मग तिने विचारले, "कोयती खंय आसा?"

"मास्तरांच्या हातात."

"मास्तर आसत? मग कापूक नाय कित्याक?"

"आये, पप्पांचा जाळा गो. फादरांनी आशीर्वाद दिल्यानी."

"खुळ्या, आशीर्वाद काय दोरयेक दिल्यानी? जाळा टाकतल्याक दिल्यानी!" तिचा आवाज चढला. "तुझ्या बापाशीन ता जाळा तुझा पोट भराक केल्यान, तुका बुडवूक नाय. आणि आयक, मी रोज सकाळी तुका देवाच्या हातात दितंय. जाळ्याच्या नाय. काप."

"मावशी, आजून मोठ्यान सांग!" नजीर ओरडला.

"काप म्हणतंय मा! आणि मोकळो झालंस काय माका सांग." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

इनासने माझ्या हातातून कोयती घेतली आणि एका घावात वरचा दोर तोडला. मग वाकून खालचा. बोट अशी उसळली की मी आडवा पडलो. पुढची लाट आली आणि आमच्याखालून निघून गेली. काही वेळ बोये पाण्यावर एका ओळीत दिसत होते, नंतर तेही दिसेनासे झाले. इनास इंजिनाजवळ बसून लहान मुलासारखा रडला. नजीर पाणी उपसत राहिला. त्याच्याजवळ त्या वेळी एकही विनोद नव्हता.

कोन्सूबायच्या आवाजात मला कसलाही कंप जाणवला नव्हता. त्यामुळे माझी अशी समजूत झाली की तिला भीती वाटली नसावी. पुढे मी तिला तसे म्हणालो. ती हसली. "भिया नाय? फोन ठेवलंय आणि पडवेर बसलंय. पाय खंय गेले ता माका कळाक नाय." वाचकांनी हे वाक्य लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. भरवसा म्हणजे भीती नसणे, अशी व्याख्या मी अनेक वर्षे बाळगली होती. ती चुकीची ठरली. तिला भीती होती आणि तरीही तिने सांगायचे तेच सांगितले.

गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी होती. खरी परीक्षा त्यानंतर होती. आठवडाभरात वाड्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: आशीर्वादाचे जाळे कापले. त्याच महिन्यात खुरसासमोर लदीन झाली, तेव्हा चण्यांचे द्रोण हातात असताना, फेलिक्स नावाच्या आमच्या एका शेजाऱ्याने सर्वांदेखत म्हटले, "विश्वास उणो पडलो. पेद्रू आसतो तर रवलो आसतो. देवान जाळाय वाचवला आसता आणि बोटय."

फेलिक्स वाईट माणूस नाही. दर रविवारी पहिल्या रांगेत असतो. कोन्सूबायने चण्यांचा द्रोण खाली ठेवला.

"फेलिक्सा, देवान दोनय वाचवचा, ह्या तू ठरवतलंस? मगे तो देव कित्याक? तुझो खलाशी म्हण त्येका."

इनास चणे न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बोटीकडे जाणे सोडले. हंगामाचे जे थोडे दिवस उरले होते ते त्याने घरात काढले. त्याचे मामा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. त्यांनी एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला. पाऊस लागला, समुद्र बंद झाला. मी गेलो की तो मोबाइल चाळत बसलेला दिसे. कोन्सूबायने वाचलेले अर्धे जाळे पडवीत पसरले होते आणि ती एकटीच त्याचे तोडलेले टोक सारखे करत बसे. एकट्याने ते काम होत नाही. दोर ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. तिने दोराचे एक टोक खांबाला बांधून काम चालवले होते.

एके दुपारी माझ्यासमोरच ती त्याला म्हणाली, "कुडाळाक जावचा तर जा. काम काय वायट नाय. पण माका एक सांग. तुका ता काम व्हया म्हणान जातंस, की दर्याचा भिया वाटता म्हणान जातंस?"

इनासने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "दर्याचा नाय, आये. परत कापूचा लागला तर? माझ्या हातान कापाक नाय. तुझ्या आवाजान कापलंय."

हे ऐकून मला सुहासची आठवण झाली आणि माझीही. ज्ञानाने कापले नाही, नियमाने कापले नाही. कापले ते एका बाईच्या भरवशाने, आणि तो भरवसा उसना होता. उसन्या भरवशावर माणूस तांडेल होऊ शकत नाही, हे त्या मुलाला माझ्याआधी समजले होते. कोन्सूबायने त्यावर कोणताही उपदेश केला नाही. "मगे बस हय," एवढेच म्हणून तिने खांबाला बांधलेला दोर सोडला आणि त्याच्या हातात दिला. तो बसला. त्या दिवशी कुडाळचा विषय कोणी काढला नाही, आणि पुढेही निघाला नाही.

पावसाळाभर मी अधूनमधून तिथे जाऊन बसत असे. दोघे कामापुरतेच बोलत. कधी ती त्याला पेद्रूंनी बांधलेली गाठ उलगडून दाखवी आणि परत बांधायला लावी. आरंभी त्याला ती उलगडवत नसे. नंतर तो आपणहून उलगडू लागला. जिथे दोर झिजला होता तिथे वडिलांच्या गाठी काढून त्याने आपल्या घातल्या. जाळे अर्धेच राहिले, पण पक्के झाले.

जाळ्यांच्या आशीर्वादाचा दिवस आला. इनासने आपले अर्धे जाळे आणून इतरांच्या ढिगाशेजारी ठेवले. रचलेल्या ढिगांत ते लगेच डोळ्यांत भरत होते. फादर पुढे आले तेव्हा कोन्सूबाय उठली, पदराखालून ती कोयती काढली आणि जाळ्यावर उघडी ठेवली.

फादर तरुण होते, नुकतेच आमच्याकडे आलेले. ते थबकले. "कोन्सूबाय, ही कशाला?"

"फादर, जाळा मिळाला तो देवाचो आशीर्वाद. सोडूचा लागला तर तोय देवाचोच. दोगांकय पाणी मारा."

मागून फेलिक्सचा आवाज आला, "पुढल्या वर्सा कुदळ हाडतली!" काही जण हसले. वयस्क बायकांपैकी एकीने कपाळाला हात लावला. फादरनी थोडा वेळ कोयतीकडे पाहिले, मग इनासकडे पाहिले. इनास मान खाली न घालता उभा होता. फादरनी कोयतीवर पाणी शिंपडले आणि पुढच्या ढिगाकडे गेले.

वाटेपलीकडे इब्राहिमचाचा कुंपणाला टेकून उभे होते. पुतण्या ज्या बोटीवर जाई तिची त्यांना चौकशी असे. त्यांनी मला खूण करून बोलावले. "मास्तर, ह्या सगळा झाला. पण आता ती कोयती ठेवतलास खंय? होकायंत्राखाली ठेवलास तर दिशा चुकतली, पेटयेखाली ठेवलास तर जीव जातलो."

हा प्रश्न माझ्या विषयातला होता आणि त्याचे उत्तर मला देता आले. त्याच संध्याकाळी मी इनासच्या बोटीवर गेलो. कोयती निरनिराळ्या जागी धरून सुई कुठे हलते आणि कुठे हलत नाही ते पाहिले. मागच्या काठाच्या आतल्या बाजूला, जाळे ओढणाऱ्याच्या उजव्या हाताशी, पण सुईच्या पल्ल्याबाहेर, तिची जागा ठरवली आणि चामड्याचे एक म्यान ठोकून दिले. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने कोयतीची जागा देवावर सोपवू नये. ती आपण ठरवायची असते. हेही मी भरवशाचाच भाग समजतो.

तो हंगाम बेताचाच गेला. जाळे अर्धे, मासळीही त्याच मानाने. कोन्सूबायच्या टोपलीत एखाद्या दिवशी सुरमई असे, पुष्कळ दिवशी बांगडेच असत. जे सोडले त्याच्या दुप्पट मिळाले, असे मला लिहिता आले असते तर वाचकांना बरे वाटले असते. पण तसे झाले नाही. मात्र त्या घरात कोणी तोंड वाकडे केल्याचे मी पाहिले नाही.

हंगामाच्या मध्यावर एकदा इनास माझ्या दारात आला. अंग ओले, डोळे लाल. आत न येता पायरीवर बसला.

"सर, परत अडाकला. भायली लाट मोठी होती."

"मग?"

"कापलंय. थोडाच गेला, चार हात गेला आसतला. पण कापलंय." त्याने हात पुढे करून पाहिले, जणू ते त्याचे नव्हेत. "आवशीक फोन लावूक नाय. फोन होतो, पण लावूक नाय."

"नजीर काय म्हणाला?"

"म्हणालो, मावशीशिवाय कापलंस, आता तू मोठो झालंस." इनास हसला. "घराकडे गेलंय तर आवशीन काय सांगितल्यान ठावक आसा? म्हणता, बरा झाला, जेव."

मी त्याला आत बोलावून चहा दिला. त्या दिवशी माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे मी मानतो. वाचकांसमोर ते शक्य तितक्या नेमकेपणाने मांडतो. अडकलेले जाळे माणूस कापत नाही, कारण त्या वेळी तो जाळ्याला धरून नसतो. जाळे त्याला धरून असते. मिळकत, वडिलांची आठवण, आपले गणित, आपला नियम, अगदी देवाचा आशीर्वादसुद्धा जाळे होऊ शकतो. ज्याने स्वतःला आधीच, रोज, लाट नसताना देवाच्या हातात दिलेले असते, त्यालाच लाटेत हात मोकळा सापडतो. हे देणे ऐनवेळी करता येत नाही. माझ्या अभ्यासक्रमात ही एकच गोष्ट नव्हती.

केंद्रात आजही मला अधूनमधून एखादा तास घ्यायला बोलावतात. मी तोच धडा शिकवतो. आता सुरुवात प्रश्नाने करतो: तुमची कोयती कुठे आहे? अर्ध्या वर्गाला सांगता येत नाही.

माझे उत्तर एका बोटीवरून आणि एका घरावरून काढलेले आहे. एवढ्या आधारावर कोणताही निष्कर्ष पक्का मानू नये, असे मी आयुष्यभर शिकवले. तो नियम मला स्वतःलाही लागू आहे. म्हणून विनंती अशी: जे सुटू नये असे तुम्हांला वाटते त्या एका गोष्टीचे नाव मनात घ्या, आणि ती सोडायची वेळ आली तर तुम्ही कोणाच्या हातात असाल हे शांत दिवशी, लाट नसताना, स्वतःला विचारून पाहा. उत्तर माझ्यासारखे आले नाही तर मला जरूर कळवा.